सासूबाई मरळीशी बोलतात

मुलगी झाली तेव्हा बायको माहेरी, शेणव्याजवळच्या पाड्यावर होती. बाळ ठणठणीत, पण तिच्या अंगात उठून बसायचंही त्राण उरलं नव्हतं. समोर आलेलं ताट ती दोन घासांत बाजूला सारायची. पाचव्या दिवशी मी विचारलं, काय खावंसं वाटतं? म्हणाली, "मरळीचा रस्सा." बाळंतिणीला मरळीनं ताकद येते, असं तिकडे सगळेच मानतात. मुरबाडहून येताना मी नवाकोरा, चकरीचा गळ आणलाच होता. म्हटलं, हा काय, आत्ता आणतो.

बंधाऱ्यावर सासूबाई टोपली घेऊन सोबत आल्या. मासे धरण्यात त्यांचा हात धरणारं पाड्यात कोणी नव्हतं. पण आमच्याकडे सासू जावयाला शिकवत नाही. पदर सावरून लांब उभं राहायचं, 'तुमी' म्हणायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं. आणि मी काही विचारणार नव्हतो.

पहिली मरळ लागली. मी ती जोर लावून सरळ वर उचलली. तोंड फाटून ती पुन्हा पाण्यात पडली. दुसरी काठाशी येऊन उसळली, मी दोरा घट्ट धरला, तो तुटला. मी गळ विकणाऱ्या दुकानदाराच्या नावानं खडे फोडत बसलो.

तेव्हा सासूबाई पाण्याकडे बघत मरळीशी बोलायला लागल्या. "तुझा तोंड नाजूक गो बाय. तुला उचलायची नाय, घसटत आणायची. काठ दिसला का तू उसळशीलच, तवा दोरा जरा सोडायचा."

मला सगळं कळत होतं. तरी मी मख्खासारखा उभा राहिलो.

उन्हं कलताना तिसरी लागली, चांगली हातभर. रिकाम्या हातानं गेलो असतो तर बायको काही म्हणाली नसती, नुसतं ताट सारलं असतं. त्याचीच मला धास्ती होती. काठाशी मरळ उसळली आणि सवयीनं माझी मूठ आवळली.

"ढील दे रे मेल्या! आता मागं चाल, मागं!"

मी ढील दिली. ती दमली तसा मागं मागं चालत गेलो. मरळ चिखलावरून घसटत वर आली आणि सासूबाईंनी तिच्यावर टोपली पालथी घालून वर बसकण मारली. मग आपण काय बोलून गेलो ते आठवून त्यांनी तोंडाला पदर लावला. घरापर्यंत त्या वीस पावलं मागेच राहिल्या.

बायको वाटीभर रस्सा प्यायली आणि तिनं आणखी मागितला. सासूबाई दाराआडून तिला म्हणाल्या, "जावयांना पण विचार गो, लाजतात ते."

माझी आई मी शाळेत असताना गेली. त्यानंतर मला हक्कानं मेल्या म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काठाशी आलेली एक मरळ मी मुद्दाम दोरा घट्ट धरून घालवली आणि कान देऊन उभा राहिलो.

सासूबाई म्हणाल्या, "तुमी दमला असाल."