थर्माकोल धरायला उल्हासनगरला

"आजी, थर्माकोल धरशील का?" माझ्या नातीने, सोनलने, विचारलं. माझ्या वयाच्या बायकांना नाती काशीला नेतात. मला उल्हासनगरला नेलं, पाच नंबरच्या कॅम्पात, लेहेंग्यांच्या फॅशन शोला. पडद्यामागे नटणाऱ्या मुलींचे फोटो काढायचं सोनलचं हे पहिलंच काम आणि तिची मदतनीस ऐनवेळी तापाने पडलेली. मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, सोनल टाइप करतेय. तिने काही गाळलं तरी मला कळायचं नाही.

बदलापूरहून दहाला रिक्षाने निघालो. अंबरनाथ पूर्वेला उतरून बाजारातून माझ्याएवढा पांढरा थर्माकोल घेतला आणि दुसरी रिक्षा धरली. जाणार असाल तर भाडं आधी ठरवा. आमचा रिक्षावाला म्हणाला, "थर्माकोलची सीट वेगळी." म्हटलं, "मग त्याला कडेला बसव, त्याला गाडी लागते." रस्ता खोदलेला, कंबर सांभाळा. पोचल्यावर दाल-पकवान खा. माझ्या दातांना ते कडक पुरीसारखं पकवान झेपेना, म्हणून डाळीत बुडवून मऊ केलं. दुकानवाला सिंधी कळवळला, "अम्मा, ये तो खिचडी बना दी!"

पडद्यामागची खोली म्हणजे पिना, पावडर आणि आरडाओरडा. सोनलने आधी डोक्यावरची ट्यूब बंद केली. मेकअपवाली खवळली.

"ताई, दोन मिनिटं. वरच्या उजेडाने डोळ्यांखाली खड्डे दिसतात."

मग हिरव्या भिंतीवर पांढरी चादर टांगली, नाहीतर भिंतीचा रंग गालावर उतरतो. फ्लॅश तोंडावर मारायचा नाही, छताकडे वळवायचा. छतावरून तो मऊ होऊन खाली येतो. शेवटी मागचं दार उघडलं. दाराकडचा उजेड मुलीच्या एका गालावर, आणि दुसऱ्या गालावर मी थर्माकोलने परतवलेला.

"एवढीशी तू, एवढा लेहेंगा. कोणी कोणाला घातलंय?" मी मुलीला विचारलं.

"दादी, हँसाओ मत, लिपस्टिक फैल जाएगी!"

सगळं झकास चाललेलं. मग मी शहाणपण करायला गेले. म्हटलं, "तिला दाराकडे पाठ करून बसव की. मागून केवढा उजेड येतोय."

सोनल कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली, "असं पाठ करून नुसता फोटो काढला तर चेहरा काळा पडतो, आजी. कॅमेरा उजेडाला भुलतो. माणूस राहून जातं."

थर्माकोल माझ्या हातातून खाली आला.

"आजी, वर!"

वर केला. पण मी तिथे नव्हतेच.

माझी लेक मंदा, सोनलची आई, फोटोला कधी उभी राहायची नाही. आजारपणात एकदा स्वतःहून म्हणाली, "आई, काढ गं एक." मी तिला खिडकीकडे पाठ करून बसवलं, छान उजेड येईल म्हणून. पंधरा दिवसांत ती गेली. फोटोत खिडकी लख्ख आणि मंदाच्या तोंडाच्या जागी काळोख. सोनल तेव्हा हॉस्टेलला होती. तिला मी सांगितलं, शेजारणीने काढला. चार वर्षं तेच सांगत आले. मला वाटायचं मोबाईल खराब. खराब मोबाईल नव्हता.

परतताना अंबरनाथला उसाचा रस घ्यायला थांबलो. आलं-लिंबू घालून मागा. माझा ग्लास तसाच राहिला.

"सोने, तुझ्या आईचा तो फोटो शेजारणीने नाही काढला."

"माहितीये."

"कसं?"

तिने मोबाईल काढला. "खूप उजळून पाहिला गं. आईचा चेहरा नाही आला. पण तिच्या चष्म्यात तू आलीस."

दोन्ही काचांत तांदळाच्या दाण्याएवढी म्हातारी होती. पांढरं लुगडं, मोबाईल दोन्ही हातांत धरलेला.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"पदर तरी नीट करायला सांगायचा होतास," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी तिथेच रडलो. रसवाल्याने सोनलचा ग्लास न मागता पुन्हा भरला.

प्रवासातून घरी आला तो कोपरा मोडलेला थर्माकोल. तो मी भिंतीला उभा केलाय आणि मंदाची ती फोटोतली खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवलीय. सकाळी आठला ऊन येतं, ती बसली असती तर बरोबर तोंडावर पडलं असतं, तिथे. मी रोज बघते.

सोनलची बोटं थांबलीत. लिही गं.