बसण्याचं कलम

लाँड्रीत सगळे त्याला भिंगरी म्हणत. हजेरीच्या खिडकीमागे त्याला टेबल होतं, खुर्ची होती, डोक्यावर पंखाही होता. पण खुर्चीवर त्याचा डबा बसलेला असे आणि तो स्वतः उभ्याने, बुटक्या कपाटावर कागद ठेवून लिहीत असे. दोन ओळी लिहिल्या की दारापर्यंत जायचा, परत यायचा. "जन्मताना कुणीतरी ह्यांना किल्ली दिली आणि काढून घ्यायला विसरलं," असं त्याची बायको म्हणे.

लाँड्री मोठी. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गठ्ठ्यांनी येत, गठ्ठ्यांनीच परत जात. इस्त्री हाताची नव्हे. खोलीभर लांबीचा तापलेला रोलर होता. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणायची आणि एकाच उंचीवरून त्याच्या तोंडात द्यायची. एकीचा हात वर आणि एकीचा खाली झाला की चादर तिरकी जाते, पलीकडून चुणून बाहेर येते. मग पुन्हा ओली करा, पुन्हा ताणा, पुन्हा द्या. हे काम ज्यानं केलंय त्यालाच त्याचं वजन कळतं.

भिंगरीनं ते केलं होतं. तरुणपणी रोलरनं त्याची दोन बोटं धरली, ती कायमची ताठ झाली, आणि थोरल्या मालकांनी त्याला हजेरीच्या खिडकीत नेऊन उभं केलं. त्याला लाँड्रीत आणलं होतं त्याच्या ताईनं. आईवडील लवकर गेले. ताईनंच त्याला वाढवलं. पुढे तिचा नवरा वारला तशी ती त्याच्याकडे राहायला आली. त्याला आठवतं तेव्हापासून ताई रोलरपाशी उभी आहे. थोरले मालक गेले, धाकटे आले, तीन रोलर भंगारात गेले. ताई तिथंच.

आता तिचे गुडघे गेले होते.

अशात राज्य सरकारचा नवा नियम आला. एवढ्या माणसांच्या कारखान्यानं प्रत्येक कामगाराच्या हातात नियमपुस्तिका द्यायची. कामाचे तास, विश्रांती, रजा, तक्रार, कामावरून काढणं, सगळं त्यात हवं, आणि लेबर ऑफिसची मंजुरी हवी. मालकांनी भिंगरीला बोलावलं आणि एक छापील पुस्तिका त्याच्या पुढ्यात टाकली.

"माझ्या साडूची आहे. शेजारच्या राज्यात त्याची लाँड्री आहे ना. नाव बदल, उतरवून काढ, दे पाठवून."

"मालक, तिकडचा कायदा इकडे चालेल?"

"तिकडची चादर पांढरी, इकडचीही पांढरी. डोकं चालवू नकोस, हात चालव."

भिंगरीनं हात चालवला. रजेपर्यंत बरं चाललं होतं. मग एक कलम आलं: जो कामगार पूर्ण पाळी उभा राहून काम करू शकत नाही, त्यास कामावरून कमी करता येईल. पेन तिथंच थांबलं. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दारातून रोलर दिसे. ताई चादर देत होती. चादर गेली की क्षणभर एक पाय उचलून धरायची, मग दुसरा. दोन चादरींच्या मधे कंबर लोखंडी चौकटीला टेकवायची.

हे मालकांनीही पाहिलं होतं. "तुझी बहीण हल्ली टेकून असते," जाता जाता ते म्हणाले. तेवढंच. पण भिंगरीचा जीव टांगणीला लागला.

घरी त्यानं ते कलम वाचून दाखवलं. ताई गुडघ्याला शेक घेत होती.

"मग लिही की," ती म्हणाली. "मी उभी आहे ना अजून?"

"वन्सं, आता सोडा ते काम," बायको म्हणाली. "घरी काय कमी आहे?"

"घरी बसवलंत तर आठवड्याभरात मीही ह्याच्यासारख्या दारापर्यंत फेऱ्या घालीन. एका खोलीत दोन भिंगऱ्या. तू माहेरी जाशील बरं का!"

बायको हसली. भिंगरी हसला नाही. ताईला काम नको असतं तर गोष्ट वेगळी होती. तिला ते हवं होतं. त्या रोलरपाशी तिला विचारल्याशिवाय नव्या बाईला कुणी चादर धरू देत नसत. घरी तिला विचारून कोण काय करणार होतं?

त्यानं कलम जसंच्या तसं उतरवलं. गाळण्याची हिंमत झाली नाही. मालक पानं चाळणार हे त्याला माहीत होतं.

लेबर ऑफिसात टेबलामागे एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी पहिलं पान वाचून वर पाहिलं.

"बसा."

"नको, असाच बरा आहे."

"कुठून उतरवलंत हे? अर्ध्या रजा शेजारच्या राज्याच्या आहेत." त्या वाचत गेल्या आणि त्या कलमावर पेनानं आडवी रेघ मारली. "आपल्याकडे हे चालत नाही. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी लागते, आणि काम अडत नसेल तेव्हा बसू द्यावं लागतं. तुम्हाला नको असेल बसायला, दुसऱ्या कुणाला हवं असेल."

"हवंय," तो म्हणाला.

"मग नीट लिहा. मंजुरीआधी मी येऊन बघणार आहे. कागदावरचं स्टूल मी मोजत नाही."

तो परत येताना जवळजवळ पळतच आला. कपाटाशी उभा राहून नवं कलम लिहिलं: प्रत्येक यंत्रापाशी एक स्टूल ठेवण्यात येईल, कामगारास बसून काम करता येईल. मालक कुरकुरले, पण स्टुलं मागवली.

"बाईंचं समाधान होऊ दे. पण ऐकून ठेव. माल चुणला, हॉटेलानं परत पाठवला, तर मी बाईंना सरळ सांगणार, हे काम बसून होत नाही. ज्याला उभं राहवत नाही त्यानं जागा सोडावी. काम अडत असेल तर कायदाही माझ्याच बाजूनं आहे, तूच येऊन सांगितलंस."

स्टुलं आली. कुणी बसलं नाही. रोलरपाशी बसायचं नाही, असा नियम कधी कुणी केला नव्हता, पण बायकांनी तो आपणहून पाळला होता. भिंगरीनं ताईच्या मागे लागून लागून अखेर तिला बसवलं. समोरच्या कोपऱ्याला तिची जोडीदारीण होती, ताडमाड उंच. तिला सगळ्या उंटीण म्हणत.

पहिली चादर तिरकी गेली. दुसऱ्या वेळी उंटीण वाकली, तर जेमतेम सरळ गेली. तिसऱ्या वेळी ती कमरेवर हात ठेवून ताठ झाली.

"ए भिंगरी! तुझ्या त्या कायद्यात माझ्या कमरेचं काय लिहिलंय, बघ जरा!"

सगळ्या खदखदून हसल्या. ताई उठली. उठायला तिला वेळ लागला. स्टुलावर तिनं ओल्या चादरींचा गठ्ठा ठेवला.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

भिंगरी खिडकीत परतला आणि स्वतःलाच शिव्या घालत फेऱ्या मारू लागला. कायद्यात माणशी हिशोब होता. त्यानंही एकेका माणसाचं कलम लिहिलं. रोलरवर एकटं माणूस कधी असतं का? हे त्याला माहीत नव्हतं? दोन बोटं तिथं देऊन आला होता तो! एक बसली की दुसरीला वाकावं लागणार. बसायच्या तर दोघींनी.

तो उंटिणीला गाठायला गेला. ती नळावर तोंड धूत होती.

"तूही बस ना तिच्याबरोबर."

"मी? मला काय धाड भरलीय? मी बसले की उद्या मालक म्हणतील, हिचेही गुडघे गेले. आज एक नजरेत आहे, उद्या दोघी. तुझ्या ताईसाठी मी चार गठ्ठे जास्त उचलीन, पण बसणार नाही."

घोडं कुठं अडलं होतं ते आता त्याला पुरतं कळलं. स्टुलावर बसणं म्हणजे हात वर करून सांगणं की मी थकले. तसं सांगायला कोण पुढे होणार? ज्याला मुभा आहे त्याच्यावरच नजर जाते. सगळ्यांनाच बसायला लावलं तर कुणाकडे बघणार?

त्यानं ते पान फाडलं. नवं लिहिलं: रोलरवरील प्रत्येक जोडीने पाळीत आळीपाळीने, ठरलेल्या वेळी, दोघांनी मिळून बसून काम करावे. मग स्टुलं घेऊन तो फिटरकडे गेला. ती बुटकी होती. बसून हात रोलरच्या तोंडाशी पोचेनात. फिटरनं पाय वाढवून दिले, खाली पाय टेकवायला आडवी दांडी जोडली.

"आणि चालतंय की नाही हे कोण बघणार?" फिटरनं विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत रोलर मोकळा होता. एका स्टुलावर फिटर बसला, दुसऱ्यावर भिंगरी. बायका डबे सोडून भोवती जमल्या. पहिलीच चादर वेडीवाकडी गेली.

"हलू नकोस!" ताई ओरडली. "बूड टेकव नीट!"

"टेकवलंय की."

"पाय नाचतायत तुझे. पाय नाचले की खांदा हलतो, खांदा हलला की कोपरा. लहानपणी जेवतानाही असाच होतास."

भिंगरीनं पाय दांडीत अडकवले. ताठ बोटांनी कोपरा पकडला. अंगात मुंग्या धावत होत्या. दाराकडे जावंसं वाटत होतं. तो बसून राहिला. दुसरी चादर बरी गेली, तिसरी सरळ. पुढचा सगळा गठ्ठा त्यानं जागचं न हलता संपवला. घामानं सदरा पाठीला चिकटला. उंटीण पलीकडे जाऊन चादरी तपासून आली. मग एका स्टुलावर हात ठेवून ते डगमगतंय का ते बघितलं.

अधिकारी बाई आल्या त्या दिवशी मालक रोलरपाशीच हाताची घडी घालून उभे होते. बसायच्या वेळेची घंटा झाली. पहिली पाळी ताई आणि उंटिणीची. ताई बसली. उंटीण क्षणभर उभीच राहिली, मालकांकडे बघत. मग धपकन बसली.

"नियम आहे म्हणून बसतेय हां," ती मोठ्यानं म्हणाली. "नाहीतर मी दोन पाळ्या उभी राहीन."

चादर गेली. पलीकडून आरशासारखी बाहेर आली. दुसरीही. मालकांनी एक उचलून उजेडात धरली, उलटसुलट पाहिली आणि गठ्ठ्यावर ठेवली.

बाई पुस्तिका वाचत होत्या. "कायदा म्हणतो बसू द्यावं. तुम्ही सगळ्यांनाच बसवलंय. एवढं लिहायची गरज नव्हती."

भिंगरी उत्तर जुळवू लागला. त्याआधीच उंटीण ओरडली, "बाई, ते खोडू नका. खोडलंत की मी उठले. आणि मी उठले की ही उठली."

बाईंनी मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "माल सरळ येतोय. राहू द्या." बाईंनी शिक्का मारला.

दुसरी घंटा झाली. आता उभं राहायची पाळी. उंटीण झटकन उठली. ताईनं दोन्ही हातांनी चौकट धरली, एक गुडघा सरळ केला, थांबली, मग दुसरा. उंटीण चादरीचा कोपरा धरून, दुसरीकडे बघत उभी होती, जणू तिलाच काही घाई नाही.

भिंगरीनं हे खिडकीतून पाहिलं. ताईची जागा राहिली होती. गुडघे होते तसेच होते. पुढच्या बसण्याच्या घंटेला अजून बराच वेळ होता. त्यानं घड्याळाकडे बघितलं, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा घड्याळाकडे बघितलं.