चाळीस सेकंदांचा चीन

माग चालवायला मला मामांनी शिकवलं. सख्खे नव्हेत, सुरतजवळच्या उधन्यात आमच्या खानदेशाकडचा प्रत्येक वडीलधारा मामाच. हे मात्र लाल बावट्याचे. कारखान्यातला पंखा बंद पडला तरी म्हणायचे, चीनमध्ये असलं खपवून घेत नाहीत, तिकडे कामगाराचं राज्य आहे. मग आम्ही त्यांना चिडवायचो, मामा, तिकीट काढू का चीनचं?

तिकीट निघालं ते माझं. मी तोवर फिटर झालो होतो, शेठना नवे माग घ्यायचे होते, म्हणून सोबत नेलं. ते माग चालताना बघायला एका गिरणीत गेलो. तिथला मालक कोटाला पक्षाचा लाल बिल्ला लावून बसलेला. दुभाषी मुलगी म्हणाली, ही गिरणी आधी सरकारची होती. खोली, दवाखाना, सगळं गिरणीचंच. मग सुधारणा आल्या, गिरणी ह्या साहेबांची झाली. तिचे वडील त्याच वर्षी घरी बसले, हेही तिने हसत हसतच सांगितलं. शेठ जाम खूश. गाडीत मला म्हणाले, हे कसले कम्युनिस्ट, हे तर आपल्यापेक्षा पक्के वेपारी.

शेठनी एका कामगार बाईचा व्हिडिओ काढायला लावला. चोवीस माग, आणि मधून ती एकटी फिरतेय. मी काढत राहिलो. थोड्या वेळाने दुसरी बाई आली, तिने हिला जेवायला सोडलं. मागोमाग तुटलेल्या धाग्यांना गाठी मारणारा आला, तेलपाणी बघणारा आला. हॉटेलवर शेठ म्हणाले, पहिली चाळीस सेकंदं ठेव, बाकीचं काप. मी कापलं. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती हो! परत गेल्यावर तुला सुपरवायझर करतो, एवढं ते बोलले होते, आणि मला तेवढं पुरलं. आख्खा व्हिडिओ मात्र मी पुसला नाही. का, ते देव जाणे.

उधन्यात शेठनी तो तुकडा सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं, सोमवारपासून माणशी आठऐवजी सोळा माग. लोक बिथरले, हे सगळं नाटक आहे म्हणाले. मामा उठले. मला वाटलं, आता शेठशी भिडणार. पण ते माझ्याकडे वळले.

"ती एकलीच व्हती का रे, भाऊ?"

"हो मामा. एकटीच."

मामांनी सगळ्यांना सांगितलं, पोरगं माझ्या हाताखाली शिकलंय, खोटं बोलायचं नाही. लोक आपापल्या मागांकडे वळले. त्यापेक्षा मामांनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी सुटलो असतो.

सोळा मागांवर मामा दोन महिने टिकले. पाय सुजायचे, जेवायलाही उभ्यानेच. शेवटी काम सोडलं, तेही शेठला एक शिवी न देता. मला म्हणाले, तिकडची बाई चोवीस सांभाळते, मला सोळा झेपत नाहीत, म्हणजे मीच संपलो. राज्य आपलं असलं की माणसाला बळ येतं बघ. मी मान डोलावली. लाज कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

गावी निघताना त्यांनी माझ्याकडे तो व्हिडिओ मागितला, गावातल्या लोकांना दाखवायला. माझ्या फोनमध्ये दोन्ही होते, छोटा आणि आख्खा. मामा पिशवी खांद्याला लावून समोर उभे होते.

मी छोटा पाठवला.