अप्पांचा डावा हात

मी दुकानात वाढलेली. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ओळखायची, याला खरंच तेल पाहिजे की नुसत्या चौकशा करायच्यात. त्यामुळे बिलोलीकडचा तो म्हातारा पहिल्यांदा आमच्या दारात येऊन "शरणार्थ, शेटजी" म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात आलं, हा बाबा काहीतरी घेऊन जाणार.

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. पावसानं तोंड फिरवलं होतं, जमिनीला मात्र भाव फुटला होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नांदेड रस्त्याला कधीकाळी एक प्लॉट घेऊन ठेवलेला. काय होतं तिथं? येड्या बाभळी. पण जिल्हा झाला आणि ज्याची त्याची नजर त्या बाभळींवर. वर्षानुवर्षं न फिरकलेले पाहुणे अप्पांची तब्येत विचारायला यायचे आणि चहा संपायच्या आत प्लॉटवर यायचे.

तब्येत तर काय, अप्पांना लकवा मारला होता. डावं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, हालचाल केली तर उठतील, पडून राहिले तर संपतील. अप्पांनी पडून राहायचं ठरवलं. आई आधीच गेलेली, दुकान आणि अप्पा दोन्ही माझ्या एकटीच्या अंगावर. आमच्या लिंगायतांत गळ्यातलं लिंग उतरवत नाहीत. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात पाणी. अप्पांनी जन्मभर हे पाळलं. हात गेल्यावर मात्र त्यांनी मला लिंग काढायला लावलं आणि खुंटीला टांगायला लावलं. "त्यानं मला उठवलं न्हाई, मी त्याला कशाला उठवू?" मी रडले, भांडले, काही उपयोग झाला नाही.  खुंटीकडं बघितलं की वाटायचं, हा माणूस आता फार दिवस राहत नाही.

म्हाताऱ्याच्या मुलाची नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदली झालेली, म्हणून त्यांचं बिऱ्हाड आमच्या गल्लीत, चौथ्या घरात आलेलं. कचेरी म्हटल्यावर माझे कान उभेच राहिले. म्हाताऱ्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तोंडात साखर. पहिल्याच दिवशी त्यांनी खुंटीकडं बघितलं.

"हात मेलाय माझा," अप्पा भिंतीकडं तोंड करून म्हणाले.

"मेला न्हाई शेटजी, रुसलाय. रुसलेल्याला रोज हाक मारावी लागती." आणि खाली बसकण मारून म्हणाले, "तुमची पूजा होईस्तोवर मी बी पाणी घेणार न्हाई. आज न्हाई अन् उद्याबी न्हाई."

अगं बाई! म्हटलं, बघू तर किती वेळ टिकतंय हे सोंग. घरून तांब्याभर पिऊनच आला असणार मेला. लातूरचा उन्हाळा, पत्र्याचं घर. दुपार झाली तरी म्हातारा हलेना. ओठ सुकले, जीभ टाळ्याला चिकटायला लागली. शेवटी अप्पांनी त्यांना एक सणसणीत शिवी हासडली आणि मला म्हणाले, "काढ गं ते खुंटीवरचं. ह्याचं पाप नको मला." म्हाताऱ्यांनी अप्पांचा वाकडा तळहात सरळ केला, त्याखाली आपला तळहात धरला आणि वर लिंग ठेवलं. पूजा झाली. मग लिंग अप्पांच्या गळ्यात परत गेलं आणि म्हातारा घटाघटा पाणी प्याला.

तेव्हापासून रोज सकाळी हजर. आणि बोलणं काय? "शेटजी, काल करंगळी हलत न्हवती, आज हलली बघा." मला तर काही हललेलं दिसायचं नाही. "शिवाची सेवा केल्याबिगर हा हात जात न्हाई." मी दुकानातून कान लावून असायची. प्लॉटचं नाव ते काही काढेनात. त्यानं तर मला जास्तच धास्ती. आणि एका सकाळी डोक्यात लख्ख उजेड पडला. कागदावर अंगठा लागतो तो डावा, आणि हा रोज अप्पांचा डावाच हात धरून बसतो! त्या दिवसापासून म्हातारा गेला की मी अप्पांचा अंगठा उलटापालटा करून बघायची. कुठं शाई दिसते का.

दोन महिन्यांत अप्पा उठून बसायला लागले, भिंत धरून मोरीपर्यंत जायला लागले. मला आनंद होत होता, नाही कशाला म्हणू? पण आनंद झाला की लगेच भीती वाटायची.

आणि एक दिवस अंगठ्यावर काळं दिसलंच. अप्पा झोपलेले. मी थुंकी लावून चोळलं, निघेना. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी म्हातारा पायरीवर आला तसा मी दारात आडवी उभी राहिले.

"अंगठा घेतलात ना? मग आता कशाला आलात? देवाच्या नावानं आजारी माणसाला लुटता, लाज न्हाई वाटत?"

गल्लीतल्या बाया टँकरची वाट बघत घागरी लावून उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. म्हाताऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, "बरं, माय" म्हणाले आणि वळून निघून गेले.

आतून अप्पांनी हाक मारली. मी त्यांचा अंगठा त्यांच्याच डोळ्यासमोर नाचवला. त्यांनी गळ्यातलं लिंग काढून माझ्या बोटाला लावलं. माझं बोटही काळं झालं. लिंगावरचा जुना काळा लेप उन्हाळ्यानं मऊ पडला होता.

"त्यांनी तसं सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तू सांगू दिलंस?"

मी बोट पदराला पुसायला लागले. अप्पा म्हणाले, "माझी काठी दे. ते आता पाणी पिणार न्हाईत."

"काही न्हाई, घरी जाऊन प्याले असतील." हे माझं मलाच खोटं वाटलं.

अप्पा उठले. लकवा मारल्यापासून उंबरा ओलांडला नव्हता त्यांनी. पाय फरफटत, दर दोन पावलांना थांबत, घागरींच्या रांगेसमोरून ते चौथ्या घरापर्यंत गेले. मी मागून हात पसरून चाललेली, आता पडतात की मग पडतात.

म्हातारा ओसरीवर बसलेला. सुनेनं तांब्या समोर ठेवलेला, भरलेला. "मामंजी ऐकूनच न्हाई राहिले," ती म्हणाली.

"मी आलोय," अप्पा धापा टाकत म्हणाले. "पूजा करू. हात लावा."

म्हाताऱ्यांनी हात पुढं केला आणि परत मागं घेतला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आज माझा भरवसा न्हाई. तू लाव, माय."

मी अप्पांच्या तळहाताखाली माझा तळहात धरला. वर लिंग ठेवलं. आणि मग कळलं मला, माझ्या हातावर भार असा काही येतच नव्हता. अप्पांची बोटं आपापली वळून लिंगाला धरून होती. किती दिवसांपासून धरत होती कोण जाणे. मी रोज नुसती शाई शोधत होते. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं.

पूजा झाली. म्हाताऱ्यांनी तांब्या उचलला. माफी मागायची माझ्या जिभेला सवय नाही. ते पाणी पिऊन होईपर्यंत मी शब्द जुळवत उभी राहिले, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"उद्या वेळेवर या. वाट बघायला लावू नका."