फाटकापुढच्या हिरव्या पाण्याबाबत

विषय : अर्जदाराच्या फाटकापुढे रोज सकाळी आढळणाऱ्या हिरवट पाण्याबाबत.
संदर्भ : अर्जदाराने घरात कोणाचंही न ऐकता केलेला अर्ज.

उपरोक्त विषयी सादर, की माझी फजिती झाली. एरवी एवढ्या एका वाक्यावर फाइल बंद करता आली असती. पण तुम्ही चहा पाजताय, तेव्हा जरा सविस्तर टिप्पणी ठेवतो.

निवृत्तीनंतर मी एक जुनी मोटार घेतली. किती जुनी? आधीच्या मालकानं चावी देताना बॉनेटवरून असा हात फिरवला, जसा बाजारात म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात. मला तेव्हाच उमजायला हवं होतं. पण मी पडलो कारकून. मी कागद तपासले. कागद चोख होते. ते कुठूनही गळत नव्हते.

गाडी घेतली ती सौ.साठी. तिचं माहेर जानेफळ. लग्न झाल्यापासून ती मेहकरला एसटी बदलून, पिशवी मांडीवर धरून माहेरी जात आलेली. यंदा तिच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि मी शब्द देऊन बसलो, की या खेपेला आत्याबाई स्वतःच्या गाडीतून दारात उतरतील. तिच्या भावजयीनं ही बातमी अख्ख्या जानेफळात फिरवली. म्हणजे आता माघार नव्हती.

गाडी तशी गुणी. फक्त पाणी फार प्यायची. गॅरेजवाल्या शकीलनं सुरुवातीलाच हिरव्या कूलंटचा डबा देऊन ठेवला होता. ते आणि पाणी कालवून मी रोज सकाळी टाकीत ओतायचो, आणि दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा रिकामी. मला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या लहानपणी एसटीचा ड्रायव्हर बादली घेऊन उतरायचाच की! बैल पाणी पितो, म्हैस पिते, मग गाडीनंच काय घोडं मारलंय?

हे झालं प्रकरण पहिलं.

प्रकरण दुसरं असं, की फाटकाबाहेर रस्त्यावर थारोळं दिसायला लागलं. रंग हिरवट. रोज पुसट व्हायचं, रोज सकाळी पुन्हा हजर.

तुम्ही आत्ताच गालात हसायला लागलात. हसा. पण माझी बाजूही ऐका. टाकीतून कमी होणारं पाणी ही एक बाब, रस्त्यावर सापडणारं पाणी ही दुसरी. दोन्ही वेगवेगळ्या फाइलीत होत्या. आणि सरळ कारकून एका फाइलीतला कागद दुसऱ्या फाइलीत लावत नसतो.

सौ. मात्र कधी नोकरीत नव्हती. ती अंगण झाडता झाडता म्हणाली, "अहो, हे गाडीखालून येऊन राह्यलं."

मी तिला समजावलं, की येत नाहीये, जातंय. रस्त्याखालची पाइपलाइन फुटलीय आणि ते पाणी फाटकाखालून आपल्या अंगणात शिरतंय.

"चढावर?"

"पाइपात दाब असतो."

"दाब? आपल्या नळाले?"

आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो, आणि येतो तेव्हा करंगळीएवढा येतो. प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी अर्ज लिहायला बसलो.

शेजारचे खरात गुरुजी, निवृत्त शिक्षक, साक्षीला आले. त्यांनी थारोळ्यात बोट बुडवून वास घेतला, डोळे मिटले आणि निदान केलं, "गोडसर आहे. जुनं शेवाळ." त्यांना खात्री होती म्हटल्यावर मलाही झाली.

अर्ज मात्र फर्मास उतरला, हे आजही सांगतो. 'हिरवट व दुर्गंधीयुक्त' असं लिहिलं. गोडसर वासाला दुर्गंधी म्हणावं का, यावर गुरुजींशी थोडी चर्चा झाली. पण 'सुगंधयुक्त पाण्याचा तात्काळ बंदोबस्त व्हावा' हे काही बरं दिसेना. खाली 'नागरिकांच्या आरोग्यास गंभीर धोका', गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या, वरिष्ठांना प्रती. सोबत नमुना म्हणून मधाच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून, वर चिठ्ठी चिकटवून दिलं.

आणि मग अघटित घडलं. अर्जाची दखल घेतली गेली.

अहो, मी उभी हयात टेबलाच्या त्या बाजूला काढली. अर्जावर तातडीनं कार्यवाही होते हे ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. साखरपुडा तोंडावर आला असताना एका सकाळी जेसीबी दारात उभा. सोबत पाणीपुरवठ्याचा मुकादम.

सौ. आतून म्हणाली, "आधी गाडी तं बाहेर काढा." मी म्हटलं, सरकारी कामात अडथळा आणू नये.

खड्डा फाटकापुढे, या खांबापासून त्या खांबापर्यंत. गुरुजींनी आपल्या दारातून खुर्ची आणली, मीही आणली. पाइप दिसला. कोरडा ठणठणीत. मुकादम म्हणाला, जरा अजून पाहू. जेसीबीनं जरा अजून पाहिलं आणि तो पाइप फोडला. नेमका नळाचा दिवस. तेवढ्यात वरून पाणी सोडलेलं. आठवडाभराची वाट पाहून गल्लीचं पाणी आलं, ते माझ्या खड्ड्यात.

म्हणजे बघा, अर्ज केला तेव्हा गळती नव्हती. अर्जाची दखल घेतल्यावर झाली.

रिकामे गुंड-हंडे घेऊन बाया दारात जमल्या. त्या मला काय म्हणाल्या ते टिप्पणीत घेत नाही. मुकादमानं चिखलात बसून जोड मारला, पाणी उपसलं, खड्डा पुन्हा कोरडा झाला. मग तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काका, पाइप तं चांगला होता. मंग तुमचं हिरवं पाणी येते कुठून?"

सगळे खड्ड्यात पाहत होते. आणि सगळ्यांच्या देखत फाटकाखालून एक बारीक हिरवा ओघळ आला, काठावर क्षणभर थांबला आणि खड्ड्यात उतरला. वरून खाली. पाणी साधारणपणे जातं तसा.

सौ.नं स्वयंपाकघरातून परात आणली आणि गाडीच्या नाकाखाली सरकवली. टप. टप.

गुरुजींना घरी काहीतरी काम आठवलं. खुर्ची मात्र विसरले.

फोन केल्यावर शकील आला. खड्डा उडी मारून ओलांडला, गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच बोलला, "काका, वॉटर पंप गेला. तुमी वरून पाजून राह्यले, हे खालून सोडून राह्यलं. मले काऊन नाही सांगतलं?"

"इथंच बदल ना."

"इथं नाही होत. पुरं समोरचं खोला लागते. गॅरेजवर आणा."

"आणू कशी?"

त्यानं गाडीकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. "मंग पह्यले रस्ता आणा," म्हणाला, आणि पुन्हा उडी मारून गेला.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. तक्रार मागे घेतो, खड्डा बुजवा, असा नवा अर्ज दिला. टेबलावरच्या कारकुनानं तो शांतपणे वाचला. "काका, नमुना तपासणीले गेला. अहवाल आल्याबिगर प्रकरण बंद होत नाही, आन् प्रकरण बंद झाल्याबिगर खड्डा बुजत नाही."

मी आवाज खाली आणून म्हणालो, "अहो, ते पाणी माझ्याच गाडीतलं आहे."

"असंन. अहवालात येऊ द्या ना तसं."

भांडणार काय? उत्तर नियमाला धरून होतं. त्याच्या जागी मी असतो तर शब्दही बदलला नसता.

साखरपुड्याला आम्ही एसटीनं गेलो. मेहकरला बदलून. पिशवी सौ.च्या मांडीवर. जानेफळात भावजय दारातच उभी होती, मागे शेजारच्या पाचसहा जणी. "भाऊजी, गाडी कुठी हाय?"

"कार्यालयीन कामात अडकली," मी रुबाबात सांगितलं.

"हाव," सौ. म्हणाली. "यायनंच अर्ज करून अडकवली." आणि मग पाव्हण्यांचा चहा होईस्तोवर तिनं सगळं सांगितलं, पाण्याच्या चढावर चढण्यासकट. नवरीकडचे हसले, नवरदेवाकडचे हसले. सोयरीक पक्की झाली, त्यात माझा वाटा मोठा असं म्हणतात.

सद्यःस्थिती अशी. गाडी फाटकाच्या आत आहे, खड्डा बाहेर आहे. परात गाडीखाली असून तिची स्वयंपाकघरात गरज असल्याचं मला रोज कळवलं जातं. तपासणीचा अहवाल आला तर गावभर नाव होईल, नाही आला तर गाडी निघणार नाही. खड्डा बुजवून मिळण्याबाबतचा अर्ज दिलेला आहे, स्मरणपत्रही दिलेलं आहे.

अर्ज प्रलंबित आहे.