लिफ्टवर रुसलेला फुवा

माझ्या मेहुण्याने मला एकट्याने उचललं होतं, ही गोष्ट शहाद्याच्या बसस्टँडपासून पुरुषोत्तमनगरापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. खोटी आहे, पण ठाऊक आहे.

झालं होतं ते असं. केळीच्या ट्रकवरून पडून माझे पाय गेले. त्यानंतरचा पहिला समारंभ म्हणजे मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा, त्याच्याच घरी. ओट्याला उंच पायऱ्या. खुर्चीसकट मला चार जणांनी वर नेलं. मेहुणा मागच्या डाव्या कोपऱ्याला होता आणि तोही अर्धा वेळ फोनवर बोलत होता. पण दुसऱ्या दिवसापासून तो सांगत सुटला, "दाजीले मी एकलानी उचलं." मी हातगाडीवर केळी विकण्यापासून सुरुवात केली, आज माझा माल दिल्लीला जातो, आयुष्यात कुणाची फुकटची फणीसुद्धा खाल्ली नाही. आणि या माणसाने मला कापसाचं बोचकं करून टाकलं.

म्हणून मी व्हॅन घेतली आणि तिला मागून लिफ्ट बसवून घेतली. खुर्ची पाटावर न्यायची, बटण दाबायचं, पाट अलगद जमिनीवर. मुलीचं लग्न ठरलेलं होतंच. मेहुण्याच्या मांडवासमोर, सगळ्या भाऊबंदांच्या देखत, मी माझ्या अंगठ्याने खाली उतरणार होतो. एवढंच मला हवं होतं.

लग्न तोंडावर आलं आणि लिफ्टचा रिमोट मोडला. तो वायरने गाडीलाच जोडलेला होता. ड्रायव्हर म्हणतो, तुम्ही तो बाहेर लोंबता सोडला. मी म्हणतो, त्याच्यावरून चाक तू नेलंस. लिफ्ट बसवणाऱ्यांना फोन केला. नवा रिमोट मागवावा लागेल, लग्नानंतरच मिळेल, असं म्हणून त्यांनी भाव सांगितला. त्यात सोबत गाडीही येते का, असं मी विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

स्टँडमागे एक जण टीव्ही, मिक्सर आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने रिमोटचे तुकडे हातात घेतले, वास घेतला आणि गेला म्हणून सांगितलं. मग फळीखालून भंगारात घेतलेला एक क्रेनचा स्विच काढला. पिवळाधमक, दुधीभोपळ्याएवढा, वर जायला हिरवं बटण, खाली यायला लाल. म्हणाला, यावर लोखंडाचे गठ्ठे उचलले गेलेत, तुमचं काय घेऊन बसलात. मी आधी हसलो, मग चिडलो, मग ड्रायव्हरला खुर्ची वळवायला सांगितली. पानटपरीपर्यंत पोचल्यावर त्याने हाक मारली. भाव खाली आला, पण या भावात वायर जुनीच लावीन, असं तो म्हणाला. मी म्हटलं, लाव, वायर काय खायची आहे? भाव पाडला म्हणून कुणी मुद्दाम सडकी वायर लावत नाही, अशी माझी समजूत होती. घरी लिफ्ट दोनदा वरखाली करून पाहिली. लोण्यासारखी चालली.

लग्नाच्या दिवशी ड्रायव्हरने गाडी मागे घेत थेट मांडवाच्या तोंडाशी लावली. मागचं दार उघडलं, पाट बाहेर आला, मी त्यावर खुर्चीत बसलेला, मांडीवर तो भोपळा. मेहुणा पुढेच उभा. बाह्या आधीच वर सारलेल्या. मी त्याच्याकडे बघत लाल बटण दाबलं. पाट वीतभर खाली आला, कर्र असा आवाज झाला आणि थांबला. पुन्हा दाबलं. हिरवं दाबलं. भोपळा मांडीवर आपटला. काही नाही. लोकांच्या डोक्यांच्या वर मी अधांतरी. त्या दुरुस्तीवाल्याची मनातल्या मनात सात पिढ्यांपर्यंत विचारपूस करत मी हाताची घडी घातली. चेहरा त्या वेळी कसा होता, कोण जाणे. बँड थांबला आणि गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "फुवा रुसना."

आमच्याकडे मुलीच्या आत्याचा नवरा म्हणजे फुवा, आणि फुवा मांडवात रुसायचाच. टोपी हलकी निघाली, बोलावणं उशिरा आलं, कारण काहीही चालतं. त्याची समजूत काढल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. तेवढ्यात ड्रायव्हर कानाशी आला. खालची तेलाची चावी सैल केली की लिफ्ट बटणाशिवाय आपोआप उतरते, करू का, असं त्याने विचारलं. मी समोर पाहिलं. मेहुणा घामाघूम. भटजी घड्याळ बघतोय. गरज कुणाला जास्त आहे हे ओळखणं, हाच माझा धंदा. चावीला हात लावशील तर याद राख, असं मी त्याला हळूच सांगितलं.

टोपी आली, टॉवेल आला, उपरणं आलं. सगळं माझ्या मांडीवर चढवलं गेलं. मी आभाळाकडे बघत राहिलो. बायको जवळ आली. शेवटी ती त्याचीच बहीण, आणि मला पुरती ओळखून आहे.

"रिमोट बिघडनं शे, का डोकं?"

मी तिला गप्प उभं राहायला सांगितलं. मग मेहुणा पुढे झाला. "दाजी, राग नका धरू. मी उचली लेस तुमले." गर्दीतून कुणीतरी म्हणालं, मागेही यानेच उचललं होतं. माझे कान तापले.

"साखरपुडाले मले कितला जनसनी उचलं," मी म्हटलं, "ते माइकवर सांग. मंग उतरस."

मेहुण्याने घसा खाकरला. "मी व्हतू."

"आखो कोन?"

"हात लावाले एखादा व्हई."

"चार व्हतात."

"चार कसाना? दोन."

आता लोक लिलावाला जमावेत तसे जमले. दोन्ही बाजूंनी बोलणारे तयार झाले. सासूबाई वाट काढत आल्या आणि पोराच्या पाठीत बुक्की घातली. "अरे, मुहूर्त टळी ऱ्हायना. मान ना!"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "तीन. यान्हावर एक बी नही."

तो चेहरा मी ओळखला. माणूस आता उठून जाणार, असा तो चेहरा. मीही तसाच करतो. अशा वेळी सौदा मिटवायचा असतो. मी मान हलवली. मेहुण्याने बँडवाल्याचा माइक घेतला आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "दाजीले तीन जनसनी उचलं व्हतं." बँडवाल्यांना तोच इशारा वाटला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी ड्रायव्हरला खूण केली. त्याने चप्पल सावरायला वाकल्यासारखं करून चावी सैल केली. मी मिशीवरून एक हात फिरवत, दुसऱ्या हाताचा अंगठा त्या मेलेल्या लाल बटणावर घट्ट दाबून, इंच इंच खाली आलो. कुणाला काही कळलं नाही.

जेवताना शेजारी एक दणकट गडी येऊन बसला. साखरपुड्याला मागचा उजवा कोपरा याच्याच खांद्यावर होता. सगळ्यात जड तो. बुंदी पुढे सरकवत त्याने मला विचारलं, "मी तठे व्हतू ना? मंग चारमाईन कापं कोनले?"

मी त्याला सांगितलं, माल म्हटला की वजनात थोडी घट धरावीच लागते. तू घटीत गेलास. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.