मार्गशीर्षातली बिअर आणि आबांचं नाक

"मेघे, तुझी जीभ पाहिजे. चार दिवसांसाठी."

नाताळच्या सुट्टीत कुठंच जायचं नाही, गाद्या उन्हात टाकायच्या आणि आडवं पडायचं, असं आमचं ठरलं होतं. त्यात हा फोन. फोन करणारा रणजित, माझा कॉलेजचा मित्र. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत बारा वर्षं लोखंड वितळवून झाल्यावर यानं गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि हातकणंगल्याच्या रस्त्याला बिअरचा छोटा कारखाना काढला. खाली टाक्या, वर बसून प्यायला गच्ची. सगळे परवाने हातात यायला नोव्हेंबर उजाडला आणि आता एकतीस डिसेंबरला पहिल्यांदा चार प्रकारच्या बिअर लोकांपुढं ठेवायच्या होत्या. पै-पाहुणे, जुने फाउंड्रीवाले, सगळ्यांना आवतण गेलं होतं.

"अरे, तुझी बिअर तूच चाख की. मी कशाला?"

"मार्गशीर्ष हाय," तो म्हणाला.

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याची बायको पूनम मार्गशीर्षातले गुरुवार करते आणि त्या घरात महिनाभर मांस-मच्छी, दारू काही म्हणजे काही चालत नाही. अमावस्या संपेपर्यंत बंदी, आणि यंदा अमावस्या नेमकी एकतीसच्या आदल्या दिवशी. बरं, भागीदारानं चाखावी, तर भागीदार भरतेश जैन घरातला. त्यानं जन्मात थेंब घेतलेला नाही. तो काचेची नळी बिअरमध्ये बुडवून आकडे वाचतो आणि वहीत लिहितो. थोडक्यात, चार टाक्या भरून बिअर तयार आणि ती प्यालेला एकही माणूस त्या इमारतीत नाही. असला घोळ जगात फक्त कोल्हापुरातच होऊ शकतो.

मी सहा वर्षं या ब्लॉगवर बिअरला पाचपैकी तारे देते. पुण्यातल्या भल्याभल्या ठिकाणांना मी एक तारा देऊन आलेय, दोघांनी तर मला आत यायची बंदी केलीय. लिहिताना मी कुणाच्या बापाला भीत नाही. रणजितला हेच हवं होतं. "खरं बोलणारी तूच एक हाईस," असं तो म्हणाला आणि मी लगेच फुगले.

नाताळच्या सकाळी सहाला निघालो. गाडी नवऱ्याकडं. मिलिंद चहापलीकडं काही पीत नाही, आणि बिअर चाखायच्या सहलीला असाच नवरा लागतो. तुमच्याकडं नसेल तर सरळ एसटीनं जा, पिऊन गाडी हाणू नका. खंबाटकीत ट्रकांची रांग होती, साताऱ्यापासून पुढं रस्त्याचं काम चालूच आहे. दर दहा मिनिटांनी 'वळण रस्ता' अशी पाटी आणि पाठोपाठ आपली मान मोडणारा खड्डा. पाच तास धरून चला, सुट्टीत सहा. पेठ नाक्याला चहा घेतला, तो बरा होता. कोल्हापुरात शिरल्या शिरल्या मिसळ खाल्ली. पावाऐवजी स्लाइस मिळाले म्हणून मिलिंदनं तक्रार केली, तर वाढणारे काका म्हणाले, "पावणं, पाव पुण्यात. हितं खायचं तर असंच." मिलिंदनं मुकाट्यानं रस्सा दोनदा मागून घेतला.

एक काळजी घ्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी जात असाल तर मार्गशीर्ष टाळा. आम्ही विचारलेल्या दोन खानावळींत महिनाभर शाकाहारीच होतं. मुक्काम रणजितच्या घरी होता, तिथं मी झुणका, मेथी, दही, ठेचा आणि भाकऱ्या खाल्ल्या. किती खाल्ल्या ते विचारू नका. नको म्हटलं की पूनम नुसतं "आसं कसं?" म्हणायची आणि भाकरी ताटात. ताटावर हात आडवा धरला तर हातावर भाकरी.

दुसरा दिवस शेवटचा गुरुवार. ठरलं होतं की दहाला कारखान्यावर जायचं. मी वही, पेन, जीभ स्वच्छ करायला साधे पोहे, असा सगळा सरंजाम घेऊन खाली आले तर पूनम दारात उभी.

"ताई, सातवी सवाष्ण मिळंना झालीया. शेजारची माहेरला गेली. तुम्ही बसताय न्हवं?"

"अगं, मी आत्ता बिअर प्यायला चाललेय!"

"अजून प्यालेला न्हाईसा की. आधी कुंकू, मग तुमचं काम."

पाटावर बसले. हळदीकुंकू झालं, डोक्यात गजरा आला, ओटीत नारळ आणि दोन केळी. त्याच अवतारात मी बिअरच्या कारखान्यात पोचले. भरतेशनं मला पाहून आधी चपला काढल्या आणि मग कशाला काढल्या म्हणून परत घातल्या.

आता चाखायची रीत सांगते. छोट्या पेल्यात चार घोट, वास, रंग, घोट, आणि उरलेली बादलीत ओतून द्यायची. मी पहिल्या गव्हाच्या बिअरचे दोन घोट घेतले, लिहिलं आणि उरलेली बादलीत ओतली. रणजितचा चेहरा असा पडला, जणू मी त्याच्या लेकराला ढकलून दिलंय.

"चांगली न्हाय व्हय?"

"अरे चांगली आहे. ओतायचीच असते."

"वाढल्यालं टाकत्यात व्हय आमच्यात?" आणि त्यानं माझे छोटे पेले उचलून बाजूला ठेवले. "ह्यातनं काय कळतंय? औषध पाजल्यागत." दुसरी, कडू बिअर आली ती लस्सीच्या पितळी पेल्यात, काठोकाठ. मी संपवली. संपवताच पुन्हा भरला. "घे की, लाजतीस काय!"

गव्हाची छान होती. केळ्यासारखा हलका वास, उन्हात बसून प्यावी अशी. कडू जरा जास्तच कडू, पण ठेच्याबरोबर जमेल. चौथी काळी, कॉफीच्या वासाची, तिला अजून दोन आठवडे हवे होते. राहिली तीन नंबर. गुळाची.

रणजितचा जीव तीन नंबरात होता. त्याचे वडील, आबा, पन्नास वर्षं गुऱ्हाळ चालवतात. पोरानं नोकरी सोडून दारूचा धंदा काढला म्हणून आबा सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. मग रणजितनं एक दिवस जाऊन सांगितलं, आबा, तुमचा गूळ घालून बिअर करतोय. दुसऱ्या दिवशी आबांनी गुळाच्या तीन ढेपा स्वतः गाडीवर घालून आणून दिल्या. एकतीसला गच्चीवर पहिला पेला गुळाच्या बिअरचा भरायचा, आणि तो भरताना आबांना शेजारी खुर्ची द्यायची, हे रणजितनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पेला हातात आला. रंग सोन्यासारखा. नाकाजवळ नेला आणि मला आगपेटीची काडी पेटवल्यासारखा वास आला. पुन्हा घेतला. आगपेटी, आणि मागं किंचित उकडलेलं अंडं. घोट घेतला, तर चवीतही तेच. एक तारा. तोही रंगाला.

मी मान वर केली. समोर रणजित, बाजूला नळी हातात धरलेला भरतेश. माझ्या पोटात कालच्या भाकऱ्या, ओटीत पूनमचा नारळ, कपाळावर कुंकू.

"छान आहे," मी म्हणाले.

रणजितनं भरतेशला मिठी मारली. नळी खाली पडून फुटली तरी भरतेश हसत होता. आणि मिलिंद, ज्याला बिअरमधलं काही कळत नाही पण बायकोतलं सगळं कळतं, तो माझ्याकडं बघत राहिला. कारखान्यावरनं घरी जाताना गाडीत म्हणाला, "खोटं बोललीस ना?" मी झोपल्याचं सोंग केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुऱ्हाळ. डिसेंबरात कोल्हापूरला आलात आणि गुऱ्हाळावर गेला नाहीत तर येणं फुकट. ओळख नसली तरी चालतं. सकाळी आठच्या आत जा, अंगात स्वेटर घाला, आणि पोट रिकामं ठेवा, कारण काकवी आणि गरम गूळ प्लेटभर पुढं येतो. पैसे विचारू नका, शिव्या खाल. काहिलीत रस उकळत होता आणि आबा कडेला उकिडवे बसून नुसता वास घेत होते. शेकडो लिटर रस, आणि तो कधी उतरवायचा हे त्या नाकावर ठरतं. थर्मामीटर वगैरे काही नाही.

"ही ती पुण्याची?" आबांनी रणजितला विचारलं. मग मला, "पोरी, तू पितीस व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. तिथं दुसरं काही बोलवेना.

"मग कशी हाय पोराची?"

माझ्या आधी रणजितच बोलला, "छान म्हणतीया, आबा!" आणि त्यानं पिशवीतनं तीन नंबरची बाटली काढली. पेल्यात ओतून आबांपुढं धरली. "प्यायची न्हाय तुम्ही. नुस्ती बघा."

"वास घ्यायला काय पाप न्हाय," म्हणून आबांनी पेला नाकाशी नेला. एकदा. मग पेला खाली ठेवला आणि काहिलीकडं बघत म्हणाले, "ह्यो माझा गूळ न्हाय."

रणजितनं बाटलीचं बूच परत लावलं.

"पिवळा करायची पावडर हाय ह्यात, गंधकाची. बाजारातला हाय." आबांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझ्या ढेपा कुठं हायत?"

ढेपा कारखान्यात जिन्याखाली होत्या, पोत्यात गुंडाळून. आबांचा गूळ पावडर न घालता केलेला, काळपट. रणजितला भीती वाटली की बिअर गढूळ दिसेल, फोटोत बरी दिसणार नाही. म्हणून त्यानं बाजारातनं पिवळाधमक गूळ आणून घातला आणि सगळ्यांना सांगितलं आबांचा. त्याला वाटलं, साखर ती साखर, कळतंय कुणाला.

"आबा, रंगासाठी..." एवढंच तो म्हणाला.

आबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. "पोरी, तुला वास आला नव्हता?"

"आला होता."

"मग बोलली का न्हाईस?"

सहा वर्षांची माझी सगळी मिजास त्या काहिलीत विरघळली. "तुमच्याकडचं जेवले होते," मी म्हणाले. "ओटी भरली होती."

आबा असे हसले की चुलाणात उसाची चिपाडं सारणारा गडी वळून बघायला लागला. "जेवली आन् मिंधी झाली! आरं, पूनमनं एक भाकरी कमी वाढली असती तर कालच खरं कळलं असतं तुला!" मग हसू थांबलं. रणजितकडं न बघताच म्हणाले, "काळा हाय म्हणून लपवलास. माझ्या तोंडावर बोलला असतास तर चाललं असतं." आणि उठून काहिलीकडं गेले.

मला त्या दिवशी रणजितचा राग आला, आणि त्याहून माझा जास्त. गाडीत बसल्यावर मी त्याला सगळं खरं सांगितलं. चारही बिअरचं, एकेक घोटाचं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काल बोलायचं होतंस, मेघे." मी म्हटलं, "काल पितळी पेल्यात द्यायचं नव्हतंस." मग दोघंही थोडं हसलो.

तीन नंबरची टाकी त्याच दुपारी रिकामी केली. भरतेशनं वहीत शेवटचा आकडा लिहिला आणि पान दुमडलं. एकतीसला गव्हाची आणि कडू एवढ्या दोनच ठेवायच्या ठरल्या. आबांना शेजारी खुर्ची द्यायचं कुणी बोललं नाही.

आम्ही चौथ्या दिवशी परतलो. येताना पूनमनं डब्यात भाकऱ्या बांधून दिल्या, त्या किणी टोलनाक्याच्या पुढं झाडाखाली खाल्ल्या. पुण्यात येऊन मी या सहलीवर लिहायला तीनदा बसले आणि तिन्हीदा पुसलं. परक्यांच्या टेबलाशी बसून एक तारा देणं सोपं असतं हो. ज्याच्या घरचं मीठ खाल्लंय त्याला तो देता आला तर खरं, आणि मला तो देता आला नव्हता. एका म्हाताऱ्याला, ज्यानं बिअर कधी जिभेला लावली नाही, माझं काम करावं लागलं.

संक्रांतीनंतर आठवड्यानं रणजितचा फोन आला. जिन्याखालच्या तिन्ही ढेपा त्यानं नव्या टाकीत घातल्या होत्या. मार्गशीर्ष संपलेला, त्यामुळं पहिला घोट त्यानंच घेतला. रंग काळपट तांबडा, थोडी गढूळ. "फोटोत डबक्यागत दिसतीया," तो म्हणाला. पण चव? चवीचं तो दहा मिनिटं सांगत होता.

"आबांना दाखवलीस?"

"सकाळीच घिऊन गेलतो गुऱ्हाळावर. पेला हातात दिला. वास घेतला, बराच येळ. मला म्हणाले, जा तू, ठेव हितं. दुपारी परत गेलतो तर पेला तसाच त्येंच्या हातात. घोट घेतल्याला न्हाय. बसल्यात काहिलीच्या कडंला, आन् गूळ न्यायला जो येईल त्येला हाक मारत्यात."

"काय म्हणून?"

"पावणं, हिकडं या. प्यायची न्हाय. नुस्ता वास घ्या. माझ्या पोरानं केलीया."